रोझमेरीचं तेल: वाफेने काढावं की तेलात मुरवावं?

केस वाढतात वगैरे जाहिराती बाजूला ठेवू. हातात पाला किती आहे ते आधी बघा. किलोभर ताज्या पाल्यातून वाफेने जेमतेम ५ ते १० मिली तेल उतरतं. कुंडीतल्या छाटणीसाठी भट्टी मांडणं म्हणजे नुसता गॅस जाळणं. मुरवायला काचेची बरणी आणि तिळाचं तेल पुरे.

वाफेचं गणित भरण्यात बिघडतं. पाला कुठे दाबून, कुठे सैल भरला की वाफ सैल वाटेनेच निसटते आणि बाकीचा पाला तसाच राहतो. वाफ थंड करणाऱ्या नळीतून पाणी गरम पडत असेल तर वास हवेत चाललाय. नळीभोवतीच्या थंड पाण्याचा प्रवाह वाढवा.

मुरवण्यात वैरी एकच, ओलावा. ताजी पानं तेलाखाली ठेवली की बोटुलिझमचा, म्हणजे हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या जिवाणूच्या विषबाधेचा, धोका. कडकडीत वाळवा, एक भाग पानं, दहा भाग तेल, अंधारात २ ते ३ आठवडे. वास सौम्यच येतो, पण वाफेबरोबर न येणारं कार्नोसिक आम्ल (तेल लवकर खवट होऊ न देणारं पानातलं द्रव्य) तेलात उतरतं.

साबण-मेणबत्तीवाल्यांनी, शेतात रोझमेरी असलेल्यांनी वाफ धरावी. डोक्याला, मालिशला मुरवलेलंच. वाफेचं तेल थेट कातडीला लावू नये.