लेआउटखालच्या तारांसाठी पिवळी फेरूल

इलेक्ट्रिकल पॅनेलची जोडणी करणारे वायरमन तारेच्या टोकाशी आकडे छापलेली जी पिवळी पीव्हीसी फेरूल, म्हणजे छोटी कडी, चढवतात, ती मी मॉडेल रेल्वेच्या लेआउटखाली तारा ओळखण्यासाठी वापरली. लेआउट इतवारी–नागभीड या जुन्या नॅरोगेज मार्गाचा आहे. मूळ ७६२ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधले अंतर) १:८७ प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून रूळ ९ मिलिमीटरचे घेतले आहेत. प्लायवूडखाली बस वायर, म्हणजे वीज पुरवणारी मुख्य तार, दीड चौरस मिलिमीटरची असून तिच्यापासून रुळांपर्यंत जाणारे फीडर बरेच बारीक आहेत.

याआधी लेबल प्रिंटरची चिकटपट्टी होती. तिच्यावर ‘उमरेड लूप’ असे सरळ नाव छापता येते, ही सोय फेरूलमध्ये नाही. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीखालच्या खोलीत बारीक तारेवरची पट्टी हमखास सुटते. फेरूलला गोंदच नसल्याने तो प्रश्न उरत नाही. मी इतवारीला शंभरची, उमरेडला दोनशेची, भिवापूरला तीनशेची आणि नागभीडला चारशेची मालिका दिली असून विषम आकडा एका रुळाचा, सम दुसऱ्याचा, असे ठरवले आहे. एका कडीवर एकच आकडा असतो आणि तारेच्या दोन्ही टोकांना तोच तीन आकडी क्रमांक हवा, म्हणजे एका तारेमागे सहा कड्या लागतात.

दोष आहेतच. फेरूल टर्मिनलमध्ये तार कसण्यापूर्वी ओवावी लागते, त्यामुळे दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिलेल्या जुन्या जोडण्यांसाठी ती निरुपयोगी आहे. आकडे इंग्रजी असल्याने उताणे पडून टॉर्चच्या उजेडात वाचताना एकसष्ट उलटे दिसले तर एकोणीस होते. म्हणून वाचन नेहमी टर्मिनलकडून सुरू करायचे, किंवा सहा आणि नऊ सरळ वगळायचे. मी वगळले. तिसरी अडचण मापाची: दीडची फेरूल फीडरवर ढिली पडून घसरत जाते. खाली हीट श्रिंकचा (उष्णतेने आवळणाऱ्या नळीचा) छोटा तुकडा आवळला की ती जागेवर राहते, मात्र तो उपद्व्याप प्रत्येक फीडरला करण्यापेक्षा बारीक मापाची फेरूल वेगळी घेणेच शहाणपणाचे.

नागपुरात बर्डीतील इलेक्ट्रिकल दुकानांत शून्य ते नऊ असा मिश्र संच मागण्याऐवजी आकड्यानुसार सुटी पाकिटे मागावीत आणि एक ते चार हे आकडे जास्त घ्यावेत, कारण वरच्या पद्धतीत तेच आधी संपतात.