ओपिनेल नंबर ८ : नऊ महिने रोज खिशात

नऊ महिने झाले हा चाकू माझ्या खिशात आहे, अगदी रोज, म्हणून आता लिहायला बसले. नवा कोरा चाकू कुठलाही असो, पहिला आठवडा मस्तच कापतो. त्याची खरी ओळख होते ती एकदा धार गेल्यावर आणि ती आपण आपल्या हाताने परत आणल्यावर.

याआधी माझ्याकडे दोन फोल्डिंग चाकू होते, त्यांच्याबद्दल आधी सांगते कारण काय बघून घ्यायचं हे मी त्यांच्यावरच शिकले. पहिला घेतला तेव्हा मी फक्त स्टीलचं नाव बघत होते. डी२ स्टील, पातं जवळपास ४ मिमी जाड, वजन दीडशे ग्रॅमच्या वर, हातात घेतला की भारी वाटायचं. पण खिशात टाकला की जीन्स एका बाजूला ओढली जायची, मग हळूहळू तो घरीच राहायला लागला, आणि बाहेर असताना लागला तर घरी ठेवलेल्या चाकूचा काय उपयोग. बरं, धार असूनही तो नीट कापायचा नाही. कागद सर्रकन कापायचा पण जाड पुठ्ठ्यात घातला की थोडा आत जाऊन पाचरीसारखा अडकायचा. गाजर कापायला घ्या, पातं अर्ध्यात पोचायच्या आधीच गाजर कडकन दुभंगायचं. मला वाटायचं धारच कमी पडतेय, म्हणून मी परत परत दगडावर घासत बसायचे.

कारण नंतर समजलं. धार म्हणजे फक्त ती शेवटची कड, पण कड आत शिरल्यावर तिच्या मागचं सगळं पातंही त्या वस्तूतून जावं लागतं ना, आणि ते जाड असलं की वस्तू दोन्ही बाजूंना फाकवायची सगळी मेहनत आपल्या मनगटाला. म्हणून घेताना पात्याची पाठ किती जाड आहे हे बघाच, पण त्याहून जास्त बघा की धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ केलंय. जाहिरातीत हा आकडा सहसा देत नाहीत, हातात घेऊन समोरून टोकाकडून बघितलं की अंदाज येतो. आणि डी२ वाईट नाही हां, त्यात साधारण दीड टक्का कार्बन असतो आणि क्रोमियम कार्बाइडचे टणक कण, त्यामुळे धार खूप टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणायला घाम निघतो. शिवाय क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं त्या कणांमध्येच अडकून राहतं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही, घामाच्या हाताने वापरून तसंच ठेवलं तर डाग पडतात.

दुसरा चाकू स्वस्तातला, लायनर लॉकवाला. यात मुठीच्या आतली स्टीलची पातळ पट्टी बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला मागून टेकू देते. चांगल्या बनवलेल्या चाकूत हे लॉक उत्तम असतं, पण माझ्यात ती पट्टी जेमतेम काठावर टेकायची आणि ते मला तेव्हा बघताच येत नव्हतं. एकदा पार्सलचा प्लास्टिकचा पट्टा कापताना टोक अडकलं, मी सोडवायला चाकू मागे ओढला, पात्याच्या पाठीवर दाब आला आणि पातं सरळ माझ्या तर्जनीवर मिटलं. चार टाके. तेव्हापासून कुठलाही लायनर लॉक हातात आला की मी पहिल्यांदा उघडून आत बघते, पट्टी पात्याच्या बुडावर साधारण एक तृतीयांश ते अर्धी तरी आलेली पाहिजे, मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पाठीवर हळू दाब देऊन बघते. जरा जरी सरकली तर तो चाकू घ्यायचा नाही, मग स्टील कितीही भारी असो.

मग ओपिनेल. फ्रान्सच्या साव्वा भागातली कंपनी, जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये सुरू केलेली, आणि चाकू अजूनही जवळपास तसाच आहे. पातं, बीचच्या लाकडाची मूठ, बिजागरीचा खिळा, एक घट्ट बसवलेली रिंग आणि तिच्यावर फिरणारी दुसरी रिंग, बस एवढंच. फिरणाऱ्या रिंगला विरोब्लॉक म्हणतात, मार्सेल ओपिनेलने ती १९५५ मध्ये काढली. पातं उघडायचं, रिंग अंगठ्याने फिरवायची, की रिंगमधली फट पात्यासमोरून सरकते आणि रिंगची भिंत पात्याच्या मागे येऊन बसते. २००० पासून तीच रिंग मिटलेलं पातंही अडवून ठेवते, त्यामुळे बॅगेत आपोआप उघडेल ही भीती नाही. आत काय चाललंय ते सगळं डोळ्याला दिसतं, लॉक लागलंय की नाही याचा अंदाज बांधावा लागत नाही, बोटाला टाके पडल्यावर मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

नंबर ८ चं पातं ८.५ सेंमी, जाडी २ मिमीच्याही आत, आणि अख्खा चाकू ५० ग्रॅमपेक्षा हलका, खिशात आहे हे विसरायला होतं. मी स्टेनलेसवाला घेतला, १२सी२७ नावाचं स्वीडिश स्टील. कार्बन स्टीलचाही मिळतो, त्याला धार आणखी पटकन लागते पण वापरला की लगेच पुसावा लागतो, आणि लिंबू किंवा सफरचंद कापल्यावर मी चाकू तसाच मिटून ठेवणार हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

नऊ महिन्यांत कापलं काय? पुठ्ठे, सुतळी, टेप, झाडांना बांधायची दोरी, फळं, ब्रेड, एकदा बुटाचा निघालेला तळ चिकटवण्याआधी खरवडायला, आणि रोजची पाकिटं. रोज खिशात बाळगायच्या चाकूचं काम हे असं असतं, लाकडं फोडायची नसतात. या सगळ्याला पातळ पातं इतकं सोपं जातं की पहिल्या दिवशी पुठ्ठा कापताना मी थांबून परत बघितलं, कारण हाताला विरोधच जाणवला नाही. तेच गाजर आता शांतपणे चकत्या होऊन पडतं.

धार मात्र डी२पेक्षा लवकर जाते, हे सरळ सांगते. पुठ्ठे जास्त झाले की दोन-तीन आठवड्यांत टोमॅटोची साल घसरायला लागते. पण परत आणायला मला १० मिनिटं लागतात. १००० ग्रिटचा दगड (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड गुळगुळीत) पाण्यात भिजवून घ्यायचा, धारेला काळ्या मार्करने रंग द्यायचा, मग एकदाच दगडावर फिरवून बघायचं रंग कुठला गेला. फक्त वरचा, म्हणजे पाठीकडचा गेला तर पातं फार आडवं धरलंय, फक्त अगदी कडेचा गेला तर फार उभं. कोन धरता येत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात, त्याच्यापेक्षा किंचित कमी ठेवा. एका बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बारीकशी खरखरीत कड लागत नाही तोपर्यंत, बोट धारेवरून आडवं बाहेरच्या दिशेने न्यायचं, धारेच्या लांबीवर कधीच नाही. ती कड म्हणजे बर. बर टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे आली की मगच बाजू बदलायची, मी सुरुवातीला इथेच घाई करायचे आणि मधलाच भाग बोथट राहायचा. शेवटी ४००० च्या दगडावर हलक्या हाताने, आणि मग जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढायचं. झालं, हातावरची लव निघते.

आता अडचणी. एका हाताने उघडत नाही, नखाच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी उघडावा लागतो, एका हातात काही धरलेलं असलं की खाली ठेवावंच लागतं. खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप नाही, त्यामुळे तो खिशाच्या तळाशी किल्ल्यांमध्ये लोळतो. आणि मूठ लाकडाची, ओली झाली की फुगते. मी एकदा नळाखाली सरळ धुतला, चूक माझीच, संध्याकाळी पातं खाचेतून हलेना. त्यावर जुनी युक्ती आहे, रिंग उघडी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर जरा ठणकावायचं, पातं थोडं बाहेर येतं. मग एक-दोन दिवस सावलीत वाऱ्यावर वाळवला, उन्हात नाही कारण लाकूड तडकतं, आणि मुठीला जवसाचं तेल पुसून घेतलं. तेव्हापासून पातं फक्त ओल्या फडक्याने पुसते.

एका हाताने उघडणं तुमच्या कामात गरजेचंच असेल तर स्पायडर्कोचा डेलिका बघा, पात्याला मोठं गोल भोक, अंगठ्याने उघडतो, बॅक लॉक आहे, म्हणजे लॉक मुठीच्या पाठीवर दाबून सोडायचं, आणि क्लिपही. लॉक नसलेला चालत असेल तर व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर, ९३ मिमीचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा, वर टोचा आणि स्क्रू ड्रायव्हर. घेण्याआधी आपल्या भागाचा कायदा वाचाच. ब्रिटनमध्ये विनाकारण सोबत ठेवायचा तर ३ इंचांपर्यंतचं, लॉक नसलेलं, मिटणारं पातंच चालतं, म्हणजे नंबर ८ तिथे दोन्हीत बसत नाही. आणि विमानप्रवासाआधी बॅगेचे सगळे कप्पे तपासा, तो जड डी२ मी तसाच तपासणीच्या टेबलावर सोडून आलेय.

गेल्या महिन्यात भाचीसाठी त्यांचाच गोल टोकाचा, मुलांसाठीचा नंबर ७ आणला. दहा वर्षांची आहे. पहिले दोन दिवस तिला काही कापूच दिलं नाही, फक्त उघडायचं, रिंग फिरवायची, रिंग सोडायची, मिटायचं. आता काकडी कापायला बसली की आधी चाकू माझ्यासमोर धरून विचारते, "मावशी, लागली ना नीट?" आणि मी रिंग बघितल्याशिवाय सुरू करत नाही.