कोंबड्यांच्या लिटरमध्ये सुपर फॉस्फेट: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

सिन्नर तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे, करारावर पिल्लं घेतो. लिटरला, म्हणजे पक्ष्यांखालच्या अंथरणाला, घोटीच्या राईस मिलचं भाताचं तूस, दोन-अडीच इंच थर. मागच्या पावसाळ्यापासून प्रत्येक बॅचला पिल्लं टाकायच्या आधी तुसात सिंगल सुपर फॉस्फेट या खताची पावडर मिसळतोय, शेडमधला अमोनिया वायू आटोक्यात राहावा म्हणून. माझं प्रमाण 100 चौरस फुटांना साधारण 5 किलो.

फरक पडतो, आणि तो ब्रूडिंगच्या (लहान पिल्लांना ऊब देण्याच्या) काळात सगळ्यात जास्त दिसतो. पडदे बंद, खाली ऊब, तेव्हाच अमोनिया साठतो. विष्ठेतलं यूरिक ॲसिड ओलाव्यात जिवाणू फोडतात, त्यातून तो तयार होतो. लिटरचा सामू (पीएच) 7 च्या खाली असला की बराचसा लिटरमध्येच अडकून राहतो, 8 कडे सरकला की वायू होऊन सुटतो. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असल्यामुळे त्याला धरून ठेवतं.

म्हणूनच पक्षी आत असताना ओल्या लिटरवर चुना मारायची आमच्याकडची पद्धत मला पटत नाही. चुना ओल ओढतो खरा, पण सामू चढवतो आणि अडकलेला अमोनिया मोकळा करतो. माल उचलला, शेड धुतलं, की मग जमिनीला चुना हवा तेवढा लावा.

अमोनियाचा वास घ्यायचा तर पहाटे, पडदे उघडायच्या आत, उकिडवं बसून पिल्लाच्या उंचीवर. अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर जाऊ द्यायचं नाही असं सांगतात, पण रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक तेवढ्याला सरावलेलं असतं. बाहेरच्या माणसाला आत आणून विचारावं. डोळे चुरचुरायला लागले तर पक्ष्यांच्या श्वासनलिकेतली लव आधीच मार खात असते, आणि मग सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार), ई. कोलाय जिवाणू यांना वाट मोकळी होते.

आता पावडर कुठे कमी पडते ते. भर पावसात निपल लाइनखाली (पिण्याच्या पाण्याच्या नळीखाली) लिटरने खपली धरली की पावडरचा काही उपयोग नाही. तिथलं ओलं लिटर उचलून बाहेर टाका, कोरडं तूस भरा. निपल गळतात का, रोज बघा. लाइन पिल्लाला मान वर ताणून प्यावं लागेल इतकी उंच ठेवा, वाढीबरोबर उचलत राहा. मूठभर लिटर दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, सैल होऊन फुटला तर ठीक. आणि पाऊस असला तरी पडदे वरून फूटभर उघडे हवेतच, नाहीतर दमट हवा जाणार कुठे? दाताळ्याने खालीवर करणंही सुटत नाही. कॉक्सिडिओसिसवर (आतड्यांचा परजीवी रोग) ही पावडर औषध नाही, तिथे लिटर कोरडं असणंच कामी येतं.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. दाणेदार सुपर फॉस्फेट आणू नका. पिल्लं दाणा समजून टिपतात, आणि खताच्या फॉस्फेटमध्ये फ्लोरिन असतं. पावडरच घ्या, तुसात नीट मिसळा, वर नुसती भुरभुरू नका. मिसळताना तोंडाला फडकं बांधा.

उन्हाळ्याच्या बॅचला मी अर्धंच प्रमाण टाकलं, तेवढ्यात भागलं. तेव्हा त्रास धुळीचा जास्त होता. जूनपासून पुन्हा पूर्ण टाकणार आहे.

कोंबडखत द्राक्षवाले नेतात. त्यांना सुपर फॉस्फेट मिसळलंय हे आवर्जून सांगतो, म्हणजे छाटणीच्या वेळी ते स्फुरदाचा (फॉस्फरसचा) डोस त्या हिशेबाने कमी करतात.