वस्तीत मदत: घरं निवडून की सरसकट?

मंडळात परत तोच वाद चाललाय, जनता वसाहतीत शाळेच्या खर्चाला मदत करायची तर उत्पन्न बघून की सगळ्यांना, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवतो.

पैसा: निवडून दिलं तर तेवढ्याच रकमेत प्रत्येक घराला जास्त मिळतं, सरसकटमध्ये थोडं बऱ्या घरातही जातं. मान्य.

पण सुटतं कोण ते बघा ना. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पगार रोख, उत्पन्नाचा पुरावा आणायचा कुठून, वर दाखल्यासाठी गेलं की कामाचा खाडा. रेशनचंच उदाहरण घ्या, महाराष्ट्रात शहरी भागात अन्नसुरक्षा रेशनसाठी घराच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59,000 रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही, दोन घरची कामं जास्त धरली की त्या यादीबाहेर! तमिळनाडूत रेशनच्या तांदळाला उत्पन्नाची अटच नाही, तिथे ही भानगड नाही.

मेहनत: यादीला घरोघरी चौकशी, मग "त्यांना दिलं, आम्हाला का नाही" ही भांडणं.

माझं म्हणणं, बहुतेक घरं ओढाताणीचीच असतील आणि वह्या-दप्तरांसारखी छोटी मदत असेल तर सरसकट द्या. चाळी-सोसायट्या मिसळलेल्या भागात, किंवा ऑपरेशनसारखी मोठी रक्कम असेल तर निवडूनच, पण दाखला न मागता अंगणवाडीच्या ताईंना विचारून.