एका संध्याकाळचा कवी: पी. सावळाराम की गदिमा?

कोजागिरी जवळ आली की आमच्या बैठकीत हा विषय निघतोच. यंदा सगळी सरमिसळ नको, एकाच कवीवर दोन तासांचा कार्यक्रम करू, असं ठरतं आणि लगेच कुणीतरी गदिमांचं नाव घेऊन मोकळं होतं. पी. सावळारामांचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी, तेही ‘पण एवढी गाणी आहेत का त्यांची?’ या सुरात. मी दोघांवरही कार्यक्रम केले आहेत, कधी निवेदक म्हणून, कधी पेटीवर बसून. तुमच्याकडे अजून ठरत नसेल तर हे वाचा आणि मग भांडा.

पसाऱ्याच्या बाबतीत स्पर्धाच नाही. ग. दि. माडगूळकर (1919 ते 1977) यांनी दीडशेच्या वर मराठी चित्रपटांसाठी लिहिलं. गाणी, कथा, पटकथा, संवाद, जे लागेल ते. ‘दो आँखें बारह हाथ’ची पटकथा त्यांची. ‘बुगडी माझी सांडली गं’ त्यांचं आणि ‘इंद्रायणी काठी’ही त्यांचंच, एकाच लेखणीतून फडावरची लावणी आणि भीमसेनांच्या गळ्यातला विठ्ठल. वर ‘नाच रे मोरा’. दोन तासांत यातलं काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं यावरच तुमच्या तीन बैठका जातील.

सावळारामांचा प्रांत लहान. जन्म 1914 चा, गाव सांगली जिल्ह्यातलं येडे निपाणी, मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. पुढे ठाणेकर झाले, इतके की तिथले नगराध्यक्षही झाले. 1997 मध्ये गेले. ठाणे महापालिका आजही ‘जनकवी पी. सावळाराम’ पुरस्कार देते. विषय मोजकेच: माहेर, सासर, आईचं मूल, नवी नवरी, विठ्ठल. संगीतकार बहुतेक वेळा वसंत प्रभू, आणि आवाज लताबाई, आशाबाई, सुमन कल्याणपूर यांचे. 

मग सावळारामांना घ्यायचंच कशाला? ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या कां’ घ्या. लेक सासरी निघाली आहे आणि आई बोलते आहे. डोळ्यांतून गंगा-जमुना वाहतात हे कुणीही म्हणेल. इथे त्या उभ्या आहेत. पाणी आलंय, पण खाली पडू दिलेलं नाही, कारण आई रडली तर लेकीचा पाय निघायचा नाही. त्या एका ‘उभ्या’मध्ये सगळा उंबरठा आला. पुढचं ‘दिल्या घरी तू सुखी रहा’ हे तर कवीने लिहिलंय असं वाटतच नाही. आपल्या आज्या पाठवणीच्या वेळी हेच म्हणायच्या. सावळारामांचं कसब इथे आहे. घरात रोज वापरातला शब्द ते उचलतात, जेमतेम अर्धा इंच सरकवतात आणि चालीवर ठेवतात.

त्यामुळे झालं असं, की गाणी घराघरांत गेली आणि कवी दारातच राहिला. माझीच गोष्ट सांगतो. एका कार्यक्रमात माइकवरून मी ‘देव जरी मज कधी भेटला’ गदिमांच्या नावावर टाकून दिलं. पाठांतर पक्कं, आत्मविश्वास दांडगा. मध्यंतरात एक आजी चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अहो, ‘मोलकरीण’ सिनेमातलं ना? ते सावळारामांचं. आमच्या ठाण्याचे होते ते.” उत्तरार्धात जाहीर दुरुस्ती करावी लागली. चाल वसंत देसाईंची, हेही त्यांनीच सांगितलं.

दोघांतला दुसरा फरक लांबीचा आहे, आणि रंगमंचावर तोच जास्त छळतो. सावळारामांची बरीच गाणी जुन्या ग्रामोफोनच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीसाठी घडली, म्हणजे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. मुखडा, दोन-तीन अंतरे, संपलं. प्रेक्षकाला ‘अजून हवं होतं’ असं वाटत असतानाच तुम्ही पुढच्या गाण्यावर जाता. गदिमांची चित्रपटगीतंही याच मापाची, पण गदिमा म्हटलं की लोकांना गीतरामायण हवं असतं. ते 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक नवं गीत. वर्षाची 52 व्हायची; त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती 56 झाली. रेडिओवर तबकडीचं बंधन नव्हतं, म्हणून ‘पराधीन आहे जगतीं’सारखं गीत कडव्यांमागून कडवी घेत जातं. सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, प्रत्येक कडव्याला चाल थोडी वळवून ते पेललं. तुमचा गायक बाबूजी नाही. चौथ्या कडव्यापाशी लोक सतरंजीवर हलू लागतात, दुधाच्या पातेल्याकडे नजरा जातात, हे मी पेटीवरून पाहिलं आहे. कडवी गाळलीत तर पहिल्या रांगेतले काका नंतर गाठून विचारतात.

तेव्हा निवड कवीपेक्षा तुमच्याकडच्या गळ्यांवर करा. एक पक्का पुरुष आवाज, एक लावणी खणखणीत म्हणणारी, बरा तबलजी आणि भाषेवर हुकूमत असलेला निवेदक एवढं जमत असेल तर गदिमा घ्या, आणि गीतरामायणातली चारच गीतं घेईन अशी शपथ घ्या. ‘जगाच्या पाठीवर’मधलं ‘एक धागा सुखाचा’ मध्यंतराआधी ठेवलंत तर चहाच्या रांगेतही लोक गुणगुणत राहतात.

दोन-तीन मुली गोड गाणाऱ्या असतील आणि पुरुष आवाज यथातथाच असेल, जे बहुतेक मंडळांचं वास्तव आहे, तर मात्र सावळाराम. वाद्यं कमी लागतात: पेटी, तबला, एक बासरी. व्हायोलिन मिळालं तर चैन. ‘जेथे सागरा धरणी मिळते’ने सुरुवात करा, ‘धागा धागा अखंड विणूया’ सगळ्यांना टाळ्या धरायला द्या, आणि ‘हसले आधी कुणी’साठी त्या यथातथा पुरुष आवाजाला पुढे आणा, तलत महमूदचं गाणं आहे, ओरडावं लागत नाही. एक अडचण मान्य करतो. सलग दहा गाणी माहेर-सासरची झाली की पंचविशीतल्या मुली एकमेकींकडे बघून भुवया उडवतात, आणि त्यांचं चूक नाही. ‘सप्तपदी हे रोज चालते’ आज सरळ चेहऱ्याने म्हणवत नाही. म्हणून मी विषयांचा क्रम मोडतो, मध्ये ‘आली हासत पहिली रात’ टाकतो आणि निवेदनात काळ सांगतो, माफी मागत नाही.

माझं मत विचाराल तर यंदा सावळाराम. गदिमांना तुमच्या कार्यक्रमाची गरज नाही, रामनवमी त्यांची ठरलेलीच आहे.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. ‘कल्पवृक्ष कन्येसाठी लावुनिया बाबा गेला’ लताबाईंच्या पट्टीत धरायचा हट्ट करू नका. दोन स्वर खाली घ्या, वर गळा चिरकला तर त्या गाण्यात मागे काही उरत नाही. आणि ‘गंगा जमुना’ शेवटी ठेवू नका. त्यानंतर आभार मानायला उभं राहणाऱ्या सेक्रेटरींचे फार हाल होतात.