हजार रुपयांचा डीव्हीडी प्लेयर: झाकण उघडून पाहिल्यावर

अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी, कानबाईच्या गाण्यांच्या एमपीथ्री आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या डीव्हीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना प्लेयर अजून लागतोच. जळगाव-धुळ्याकडे हजार-बाराशेच्या आतबाहेर जे लोकल प्लेयर मिळतात, त्यांच्याबद्दल हे आहे. खोक्यावर नाव कुठलंही असो, आतला माल बहुतेक सारखाच.

खोक्यावरचे 'पीएमपीओ' वॉट (आवाजाच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) वाचून भुलू नका. मागच्या पट्टीवर प्लेयर किती वीज ओढतो ते १५ वॉट लिहिलेलं असतं, तेच खरं. पत्रा पातळ आहे. झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. पत्रा खाली बसून डिस्कच्या वरच्या चकतीला टेकला, तर डिस्क फिरताना खरखर येणार. अशा प्लेयरवर सेटटॉप बॉक्स ठेवायचा नाही. वजनामुळे तर नाहीच, पण उष्णतेमुळेही नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या घरात या डब्याच्या आत काय होत असेल!

पहिला मार खातो तो सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पट्टी. व्होल्टेज कमी झाल्याची एवढी भीती नको. हा सप्लाय शंभर-सव्वाशे व्होल्टवरही चालतो, त्यामुळे संध्याकाळी पंखा रडतखडत फिरत असला तरी प्लेयर चालूच राहतो. घात होतो तो गेलेली लाइट झटक्याने परत येते तेव्हा. लाइट गेली की पिन काढून ठेवा, स्टॅबिलायझरवर वेगळा खर्च नको. दुसरा शत्रू कपॅसिटर, म्हणजे सप्लायवरचा वीज साठवणारा छोटा डबा. ५ व्होल्टच्या लाइनवरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्याला फुगला, की लाल दिवा लागतो, डिस्क फिरायला सुरुवात होते आणि सगळं बंद पडून परत पहिल्यापासून. मोटर करंट ओढते, ५ व्होल्ट खाली बसतात, किट (प्लेयरचा मुख्य बोर्ड) रीसेट होतं. मेकॅनिक 'किट गेलं' म्हणाला तर आधी हा कपॅसिटर बदलून घ्या: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण १६ व्होल्ट आणि १०५ अंश उष्णता सोसणारा. कंपनीतून बऱ्याचदा ८५ अंशांचा येतो.

आता लेन्स. वाचण्याची ताकद किमतीच्या मानाने खरंच चांगली आहे, ओरखडे पडलेल्या डिस्कही बऱ्यापैकी उचलतो. पण या लेन्समध्ये (म्हणजे डिस्क वाचणाऱ्या अख्ख्या भागात) दोन लेसर असतात: डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा, सीडीला ७८० चा. म्हणून 'डीव्हीडी चालते, व्हीसीडी नो डिस्क' अशी तक्रार आली तर सीडीचा लेसर थकला समजा. घरी भरलेली निळसर सीडी छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत फेकते, त्यामुळे ती सगळ्यात आधी रुसते. काही जण लेन्सच्या कडेचा बारीक प्रीसेट (लेसरचा करंट कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवून देतात. प्लेयर चालू होतो, पण करंट वाढल्याने उरलेलं आयुष्यही झटपट संपतं. लेन्स नवीन घालणंच बरं. नव्या लेन्सच्या पट्टीवर लेसरचा डायोड वाचवण्यासाठी कथलाचा एक टाका दिलेला असतो. रिबन (लेन्सची चपटी वायर) बसवल्यावर आणि लाइट देण्याआधी तो काढायचा. राहिला तर नवी लेन्सही 'नो डिस्क'च दाखवते, आणि दुकानदार उगाच बदनाम होतो.

जिनिंगजवळच्या गावांत कापसाची बारीक रुई आणि फुफाटा दोन्ही ट्रेच्या फटीतून आत जातात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्सवर हलकेच फिरवा, दाबू नका. अत्तर किंवा सॅनिटायझर वापरू नका, थर राहतो. ट्रे अर्ध्यात अडकत असेल तर उन्हाळ्याने सैल झालेला रबरी पट्टा बदला, किरकोळ खर्च आहे.

एक तक्रार मात्र प्लेयरच्या माथी विनाकारण मारली जाते. लग्नाची डीव्हीडी मंगलाष्टकांपर्यंत सुरेख चालते आणि पाठवणीला अडकते. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. वर चिकटवलेलं कागदी स्टिकर उन्हाने आकसतं, कडा वाकते, आणि शेवटचा भाग नेमका कडेला असतो. यावर कुठला प्लेयर काय करणार?

चित्र पिवळ्या पिनेवर मध्यम, मोठ्या एलईडीवर धूसर. हिरव्या-निळ्या-लाल पिना असतील तर त्या जोडून सेटअपमध्ये वायूव्ही निवडा. पडदा काळा झाला तर रिमोटवरचं व्ही-मोड बटण दाबत राहा. सिनेमात संगीत कानठळ्या बसवतं आणि संवाद ऐकू येत नाहीत, याचं कारण संवाद मधल्या स्पीकरला जातात, जो तुमच्याकडे नसतो. 'डाउनमिक्स' स्टीरिओ करा. यूएसबी फक्त फॅट३२ पेनड्राइव्ह घेते आणि मोबाइलचे एमपीफोर बहुतेक चालत नाहीत. इथे प्लेयर सपशेल नापास आहे.

घ्यायला जाताना घरची भरलेली व्हीसीडी, एक छापील डीव्हीडी आणि ती स्टिकरवाली लग्नाची, तिन्ही सोबत न्या. दुकानात प्रत्येकीचं शेवटचं गाणं लावून पाहा. वर्षाची वॉरंटी सांगतील, त्यात लेन्स बहुधा धरलेली नसते. बिलावर 'लेन्ससह' असं लिहून घ्या, नाहीतर पन्नासेक रुपये कमी करायला सांगा.