गिट : साडेचार स्टार, अर्धा गेला डॅश एममुळे

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, चांगलंय का हा प्रश्न आता कुणी विचारत नाही, सगळे तेच वापरतात, आधी एसव्हीएन हे त्याच कामाचं जुनं टूल होतं ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. त्यामुळे पूर्ण टूलचा रिव्ह्यू काही लिहीत बसत नाही, एका बारक्या ऑप्शनचा लिहितो.

डॅश एम, म्हणजे कमांडपुढे लिहायचा -m. याचे अवतार बघा आधी. कमिटला (बदल नोंदवायची कमांड) लावला की मेसेज, ब्रँचला लावला की नाव बदलतं, चेकआउटला लावला की मर्ज, चेरी-पिक (एखादा कमिट उचलून आणणं) नि रिव्हर्टला (कमिट उलटवणं) लावला तर पुढे पॅरेंटचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, नंबर द्यायचा. आणि लॉगला, म्हणजे कमिटचा इतिहास दाखवणाऱ्या कमांडला, लावला तर? काहीच नाही! म्हणजे "मर्ज कमिटचा (दोन ब्रँच जोडणारा, म्हणून एकापेक्षा जास्त पॅरेंट असलेला कमिट) प्रत्येक पॅरेंटशी डिफ, म्हणजे ओळीओळींतला फरक, दाखव" असा त्याचा अर्थ आहे, पण डॅश पी (पॅच दाखव सांगणारा ऑप्शन) दिल्याशिवाय डिफ मुळात दिसतच नाही, मग दाखवणार काय कपाळ. टीममधली नवीन पोरं दोनदोनदा टाइप करून बघतात नि विचारतात, दादा हे चालत का नाहीये.

तर 2021 मध्ये गिटच्या 2.33 आवृत्तीची तयारी चालू असताना हे सुधारायचं ठरलं, नुसता डॅश एम दिला तरी पॅच, म्हणजे तो डिफ, दिसावा. डिफ बघायचाच नसेल तर डॅश एम देईल कोण, असा साधा हिशोब, मी असतो तर मीही मान डोलावली असती. पण देणारे निघाले ना! एखाद्या फोल्डरला हात लावणारा शेवटचा कमिट शोधायचा म्हणून लोकांनी बिल्ड स्क्रिप्टमध्ये गिट लॉग टाकलेलं, फॉरमॅट फक्त हॅशचा (कमिटचा ओळख क्रमांक), फर्स्ट-पॅरेंट (फक्त पहिल्या पॅरेंटच्या वाटेने जा), आणि सोबत असू दे म्हणून डॅश एम. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरच्या बिल्ड स्क्रिप्टमध्येसुद्धा हे असंच होतं. तिथे त्याची गरज शून्य होती पण त्रासही शून्य होता, आणि आता 40 अक्षरांचा हॅश अपेक्षित असताना खाली अख्खा पॅच लटकून यायला लागला, मग स्क्रिप्ट बोंबलणारच.

इथे मला हे टूल आवडतं. गिटवाल्यांना सरळ हात वर करता आले असते, कारण स्क्रिप्टसाठी रेव्ह-लिस्ट, डिफ-ट्री अशा कमांड वेगळ्या ठेवल्यात, त्यांना प्लंबिंग म्हणतात, लॉग ही माणसांनी बघायची, म्हणजे पोर्सिलेन, ती स्क्रिप्टमध्ये घातलीत तर तुमचं तुम्ही बघा. तसं केलं नाही. ऑगस्टमध्ये तो बदल गुपचूप मागे घेतला, 16 ऑगस्टला 2.33 आलं ते जुन्याच वागणुकीचं. शॉर्टकट हवा होता त्यांच्यासाठी नंतर 2.43 मध्ये डॅश डॅश डीडी असा नवाच ऑप्शन आला, पहिल्या पॅरेंटशी डिफ, पॅचसकट, आणि त्या नावावर कुणाची स्क्रिप्ट आधीपासून उभी नव्हती त्यामुळे कुणाचं काही मोडलं नाही. मे 2024 मध्ये 2.45.1 च्या सिक्युरिटी फिक्सने एलएफएस (मोठ्या फाइली सांभाळणारी जोड) नि तिचे हुक (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) वापरणाऱ्यांचं क्लोन, म्हणजे रेपो उतरवून घेणं, अडलं तेव्हाही तेच, 2.45.2 मध्ये ती जादाची तपासणी काढून टाकली.

मग अर्धा स्टार का कापला? कारण लॉगचा डॅश एम अजूनही मुका आहे. मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) आता स्पष्ट लिहिलंय की डॅश पी नसेल तर आउटपुट येणार नाही, पण मॅन पेज वाचतं कोण, टर्मिनलवर समोर बसलेल्या माणसाला एक ओळीची हिंट द्यायला काय जातं? स्क्रिप्टला ती दाखवू नका फक्त.

बाकी हे सगळं वाचल्यावर मी आपली स्क्रिप्ट उघडली, कुठून तरी कॉपी मारलेली. होता! फर्स्ट-पॅरेंटच्या शेजारी डॅश एम, मीच पेस्ट केलेला. काढला आणि लॉगच्या जागी रेव्ह-लिस्ट टाकलं, दोन मिनिटांचं काम होतं.